गोधडीच्या पोटातली गोधडी

टिटवाळ्याची थंडी मुंबईच्या थंडीसारखी नसते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६४ किलोमीटर आत, कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, काळू नदीच्या काठाने वसलेल्या या गावापर्यंत समुद्राची ऊब पोहोचत नाही. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, म्हणून कुलाबा-दादरच्या रात्री जानेवारीतही मऊ राहतात. इथे मात्र दिवसभर तापलेली जमीन अंधार पडला की भराभर निवते आणि नदीच्या खोलगट भागात गार हवा साचून राहते. पहाटेच्या लोकलसाठी उभ्या असलेल्या माणसांच्या कानांवर मफलर दिसतो तो यामुळेच. दिवाळी सरली की चाळींच्या कठड्यांवर, नव्या इमारतींच्या गॅलऱ्यांत आणि आसपासच्या पाड्यांवर घरांसमोर गोधड्या उन्हात पडतात, त्याही यामुळेच.

नीट पाहिलं तर या गोधड्या एका मुलखातल्या नाहीत हे लक्षात येतं. टिटवाळ्यात घर करणारी माणसं देशावरून, खानदेशातून, कोकणातून, सातारा-सांगलीकडून आली. मुंबईतली जागा परवडेनाशी झाली तशी कित्येक कुटुंबं लालबाग-परळ सोडून एकेक स्टेशन मागे टाकत इथवर सरकली. भांडीकुंडी आली, देव आले, अंथरूण-पांघरूणही आलं. कोल्हापूरकडच्या घरात तिला वाकळ म्हणतात, बेळगाव-निपाणीच्या बाजूला कौदी, नगर-नाशिककडे गोधडी. टाक्यांची रीत घराघरागणिक थोडी वेगळी, कापडं वेगळी. पण 'ही आमच्या आजीच्या हातची' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं.

या वाक्याशी थोडं थांबायला हवं. ते बहुधा खरं असतं आणि डोळ्यांना मात्र पटत नाही. समोरच्या गोधडीचं वरचं कापड म्हणजे पंधरा-वीस वर्षांपूर्वी बाजारात असलेली छापील साडी असते, आणि आजी जाऊन तीस-चाळीस वर्षं झालेली असतात. मग आजीची गोधडी कुठे आहे? ती आत आहे.

पैठणी ट्रंकेत घडी घालून ठेवतात, सणाला काढतात, लेकीला देतात. गोधडीच्या नशिबी असं जपणं नाही. ती रोज अंगाखाली आणि अंगावर घासली जाते, धुताना बडवली जाते, लहान मूल तिच्यावर वाढतं. काही वर्षांत वरचं कापड विरतं, कडा उसवतात, मधूनच एखादा तुकडा तोंड बाहेर काढतो. तेव्हा घरातली बाई ती टाकून देत नाही. तिच्या खाली एक जुनेर अंथरते, वर दुसरं घालते आणि सगळ्यांतून पुन्हा टाके मारते. जुनी गोधडी नव्या गोधडीचं भरण होते. कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधात पडावं तसं हे चालू राहतं. सुनेने शिवलेल्या गोधडीत सासूची असते आणि तिच्यातही एखादा थर सासूच्या सासूचा सापडतो. मराठी घरातलं हे वस्त्र पिढ्यान्‌पिढ्या टिकलं ते या रीतीने, आणि म्हणूनच ते जुनं आहे हे बाहेरून कळत नाही.

आता ती होते कशी ते पाहू. गोधडीचं काम उन्हाळ्यातलं. शेतातली कामं उरकलेली, पापड-कुरडया वाळत पडलेल्या, दुपार लांब. वर्षभर गाठोड्यात साठवलेली जुनेरं सोडली जातात. धुऊन खळ आणि मळ काढलेला असतो, शर्टांची बटणं उसवून डब्यात गेलेली असतात, शिवणी उसवून कापड सपाट केलेलं असतं. अंगणात किंवा ओसरीवर पहिल्यांदा एक धड लुगडं अंथरायचं. त्यावर फाटके, तोकडे तुकडे असे मांडायचे की कुठे डोंगर नको, कुठे खड्डा नको. हे मांडणं हाताच्या अंदाजाने होतं आणि मला तरी सगळ्यात कठीण काम तेच वाटतं, कारण एकदा टाके पडल्यावर आतली चूक दुरुस्त होत नाही. वरून दुसरं धड लुगडं. चारी कोपऱ्यांवर दगड, पाटा, वरवंटा, जे जड हाताशी येईल ते. मग हातभर लांबीचे कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना जखडायचे आणि मगच खरी शिवण सुरू करायची.

खरी शिवण म्हणजे साधा धावदोरा. सुई खाली, सुई वर. अनेक घरांत ती कडेपासून सुरू होते आणि गोधडीभोवती फिरत फिरत आत येते: चौकोनात चौकोन, त्यात आणखी लहान चौकोन, शेवटी मधोमध. याला कारण आहे. इथे लाकडी चौकट नसते, गोधडी जमिनीवर पसरलेली असते आणि बाई तिच्या कडेला बसून, कधी तिच्यावरच बसून पुढे सरकते. आधी कडा बांधल्या की आतले सुटे तुकडे बाहेर येत नाहीत, आणि शिवता शिवता सुरकुती तळहाताने आत सारत नेता येते. दोघी-तिघी समोरासमोर बसल्या तर प्रत्येकीचा टाका ओळखू येतो. एकीचा बारीक आणि ताठ, दुसरीचा लांब आणि सैल. जुन्या गोधडीवर बोट फिरवलं की एका ओळीत मधेच हात बदललेला समजतो.

या कामाचं माप काढून पाहण्यासारखं आहे. साडेसहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी एकट्या माणसाची गोधडी धरा. दोन ओळींमध्ये एक इंच अंतर ठेवलं तर सगळ्या ओळी मिळून ३१२ फूट होतात, म्हणजे जवळजवळ ९५ मीटर. एक टाका आणि पुढचं अंतर मिळून अर्धा इंच धरला तर सुमारे ७,५०० टाके. ओळी अर्ध्या इंचावर आणल्या तर १५,०००. आणि प्रत्येक टाक्याला सुई चार-सहा, कधी आठ थरांतून पलीकडे काढायची. बोटाला चिंधी गुंडाळून, सुई मेणावर किंवा केसांत फिरवून बायका हे करत आल्या.

तिची लांबी-रुंदी कुठून आली हेही यात दडलेलं आहे. नऊवारी लुगडं म्हणजे २७ फूट. त्याच्या चार सारख्या घड्या घातल्या की एकेक घडी ६ फूट ९ इंचांची होते आणि पन्हा चार फुटांच्या आसपास. म्हणजे एका लुगड्यात, एकही कात्री न लावता, आडव्या झालेल्या माणसाएवढं चार थरांचं पांघरूण तयार. घरोघरी हिला चौघडी म्हणत आणि पाहुण्याला ती मुद्दाम काढून देत. मला हे गणित फार देखणं वाटतं. नेसण्यासाठी ठरलेल्या लांबीतच पांघरण्याची लांबी बसून जाते. पुढे सहावारी पातळं आली तेव्हा १८ फुटांच्या तीनच घड्या पडू लागल्या आणि एक थर कमी झाला. तो भरून काढायला मधे जुन्या चादरी, शाळेचे फ्रॉक, धोतराचे तुकडे जास्त येऊ लागले.

बाळासाठीचं दुपटं यापेक्षाही साधं असतं. बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची यांच्याबरोबर ते येतं, आणि ते आजीच्या सर्वांत विरलेल्या सुती लुगड्याचं असावं असा आग्रह असतो. नवजात बाळाला पहिले दिवस नवं कापड घालू नये, जुनंच घालावं, ही रीत अनेक घरांत आहे. तिच्या मागे कापडाचा स्वभाव आहे. नव्या सुती कापडात विणताना आणि नंतरही लावलेली खळ असते, त्याने ते ताठ राहतं. शंभरदा धुतलेल्या लुगड्यातली खळ केव्हाच गेलेली असते, तंतूंची टोकं सुटून वर आलेली असतात, पीळ सैल झालेला असतो. टिटवाळ्याच्या गणपतीला लग्न जुळावं म्हणून साकडं घालायला दूरदूरची माणसं येतात. त्यातल्या कित्येक घरांत लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत कुणीतरी असं दुपटं शिवायला बसलेलं असतं.

गोधडी उबदार का असते याचं उत्तर कापडात कमी आणि कापडांच्या मधल्या जागेत जास्त आहे. स्थिर हवा उष्णता फार हळू वाहून नेते. कुठल्याही तंतूपेक्षा हळू. एकाच जाड कापडापेक्षा सहा पातळ थर जास्त ऊब देतात, कारण त्यांच्यामध्ये हवेच्या पाच चपट्या पोकळ्या अडकतात. टाका दोन कामं करतो: थर घसरू देत नाही आणि हवेला वाहू देत नाही. पण टाके फार दाट झाले तर थर दाबले जातात, हवा कमी होते, गोधडी टिकाऊ होते पण ऊब घटते. फार विरळ झाले तर आतली चिंधी गोळा होऊन एका कोपऱ्यात बसते. म्हणून अंथरायच्या गोधडीला दाट टाके आणि पांघरायच्या गोधडीला विरळ, असा भेद जाणत्या बायका करत. हाताच्या धावदोऱ्याने कापड किंचित गोळा होऊन बारीक लाटा उठतात, त्या लाटांखालीही हवा राहते. मशीनची शिवण वरून-खालून दोन दोऱ्यांनी कापड घट्ट आवळते. ती सरळ आणि मजबूत असते, पण त्या लाटा तिच्यात तशा येत नाहीत.

दुसरी गोष्ट घामाची. कापसाचा तंतू हवेतला ओलावा आपल्यात घेतो. कापड उद्योगात वापरल्या जाणाऱ्या प्रमाण मोजणीनुसार कोरड्या कापसाच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा त्यात असतो, पॉलिएस्टरमध्ये जेमतेम ०.४ टक्के. म्हणून सुती गोधडीत माणूस रात्रभर झोपला तरी चिकट होत नाही. पॉलिएस्टरच्या चमकदार ब्लँकेटमध्ये ऊब येते, पण तासाभरात पाय बाहेर काढावेसे वाटतात.

धुण्याचाही विचार करा. गोधडी नदीवर नेऊन दगडावर आपटायची, धोपाटण्याने बडवायची. दोन-अडीच किलोची गोधडी ओली होऊन दुप्पट-तिप्पट जड होते आणि पिळायला दोघी लागतात, एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं. हा मार कापूस सहन करतो, कारण ओला झाल्यावर तो आणखी चिवट होतो. याच्या नेमकं उलट वागणारा तंतू टिटवाळ्याच्या शेजारीच तयार होत आला आहे. कल्याणहून निघालेल्या लोकलला टिटवाळ्याआधी दोन स्टेशनं लागतात, शहाड आणि आंबिवली. शहाडला सेंच्युरी रेयॉन आणि आंबिवलीजवळ मोहन्याला नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली एनआरसी. लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा काढणारे हे दोन मोठे कारखाने. एनआरसी २००९ मध्ये बंद पडली आणि त्या पट्ट्यातल्या हजारो घरांचं जगणं बदललं. रेयॉन झुळझुळीत, रेशमासारखं चमकतं, कापसापेक्षाही जास्त ओलावा घेतं. पण ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. रेयॉनची साडी गोधडीच्या वरच्या थराला घातली तर काही धुण्यांतच ती टाक्यांच्या ओळीवर फाटत जाते. रसायनशास्त्राचा धडा न वाचताही बायकांना हे ठाऊक होतं. अशा साड्या त्या आत घालत, नाहीतर बोहारणीला देत.

बोहारणीचा विषय निघालाच आहे तर तिलाही या गोष्टीत जागा द्यायला हवी. जुने कपडे घेऊन भांडी देणारी ही बाई दारोदार फिरे, कल्याण-ठाण्याच्या वस्त्यांत अजूनही कुठे कुठे फिरते. तिच्यामुळे घरातल्या जुन्या कापडाला दोन वाटा फुटल्या. पँट, शर्ट, जरीची साडी, नायलॉन तिच्याकडे. विरलेलं सुती लुगडं गाठोड्यात. स्टीलच्या डब्याचा मोह मोठा होता, पण मऊ सुती जुनेर द्यायला बायका सहज तयार होत नसत. पातेलं पुढेही घेता येतं, गोधडीजोगं विरलेलं कापड मागून मिळत नाही, हा त्यांचा हिशेब होता.

तरीही गोधडी मागे पडली. याचं कारण लोक आळशी झाले असं सांगितलं जातं, ते मला मान्य नाही. खरं कारण कापडात आहे. मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली आणि पुढे शंभर वर्षं गिरणगावाने महाराष्ट्राला स्वस्त सुती कापड नेसवलं: मांजरपाट, धोतरं, पातळं, नंतर वायल. सुती कापड वापरून विरतं, आणि विरलेल्या कापडाची मऊ गोधडी होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाही आणि गिरण्या एकेक करून बंद होत गेल्या. साधारण त्याच काळात घरोघरी पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. धुवायला हलक्या, इस्त्री नको, रंग जात नाही, वर्षानुवर्षं फाटत नाहीत. घरकाम आणि नोकरी दोन्ही ओढणाऱ्या बाईला त्या साडीने खरोखर सुख दिलं, ते नाकारता येणार नाही. पण ही साडी जुनी होते तेव्हा मऊ होत नाही. टाका घालताना निसटते, थर एकमेकांवर घसरतात, पांघरलं तर थंडीत चटचट ठिणग्या उडतात. गोधडीला लागणारं म्हातारं सुती कापडच घरात तयार होईनासं झालं.

त्यामुळे टिटवाळ्यासारख्या ठिकाणी एखादी जुनी गोधडी उसवून पाहिली तर मुंबई-ठाणे पट्ट्याचा कापडी इतिहास थराथराने समोर येतो. सगळ्यात आत हातमागाचं जाडंभरडं लुगडं, काठाला कदाचित इरकली वीण, नाहीतर चंद्रकळेचा काळपट तुकडा. त्यावर गिरणीचं पातळ किंवा धोतर. मग फुलाफुलांची वायल. मग टेरिकॉटच्या पँटचा एखादा ताठ पाय, गणवेशाची खाकी किंवा निळा तुकडा. सगळ्यात वर पॉलिएस्टरची छापील साडी, कारण ती दिसायला ताजी आणि रंगाला पक्की. कापड ओळखता येत नसेल तर कडेचा एकच दोरा काढून चिमट्यात धरून जाळून बघावा. कापूस आणि रेयॉन कागद जळल्यासारखा वास देतात आणि मागे करडी राख राहते. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं आणि त्याचा काळा टणक मणी होतो. दोन्हींच्या मिश्रणात राखही असते आणि मणीही.

अशी वस्त्रं मराठी मुलखापुरती नाहीत, आणि शेजारच्यांची थोडी ओळख करून घेतली तर आपल्या गोधडीचं वेगळेपण कळतं. टिटवाळ्याहून सर्वांत जवळचं उदाहरण उल्हासनगरचं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्याच बराकींत उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी उल्हासनगरची कोनशिला बसवली. सिंधी घरांत गोधडीची थोरली बहीण असते, रल्ली. तिच्यावर रंगीत तुकड्यांची चौकटीची नक्षी असते, कधी कापडाच्या घड्या कापून केलेलं जाळीदार काम, आणि त्यावरून समांतर टाक्यांच्या ओळी. सिंधमध्ये ती लेकीच्या रुखवताची मानाची वस्तू. आपल्या गोधडीत तुकड्याचा रंग बहुधा जो हाती आला तो. रल्लीत रंग आधी ठरतो.

दक्षिणेला, उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जंगलभागात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले, त्यातले अनेक पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातल्या गुलामगिरीतून निसटून आलेले. त्यांच्या बायका कवंदी शिवतात. तीही कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेने फिरत मध्याकडे येते, अगदी आपल्यासारखी. पण शेवटी चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं बसवतात आणि त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. हेन्री ड्रूअल या अमेरिकी कला-अभ्यासकाने त्यांच्यावर काम केलं आणि या कवंद्या परदेशी संग्रहालयांपर्यंत पोहोचल्या.

बंगालच्या नक्षी कांथेची कहाणी मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. तीही जुन्या साड्यांचीच, तीही साध्या धावदोऱ्याची. पण तिच्यावर कमळं, हत्ती, पालख्या, गोऱ्या साहेबांची चित्रं भरली गेली. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) नावाच्या सनदी अधिकाऱ्याने खेडोपाडी फिरून त्या गोळा केल्या आणि आज कोलकात्याजवळ त्यांच्या नावाच्या संग्रहालयात त्या आहेत. तिथली एक कांथा मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने आपल्या वडिलांसाठी शिवली, आणि हे आपल्याला ठाऊक आहे कारण तिने ते टाक्यांनी कापडावर लिहून ठेवलं. जसीमुद्दीन यांचं 'नक्षी काँथार माठ' हे काव्य १९२९ मध्ये आलं आणि कांथेला साहित्यातही जागा मिळाली. २००८ मध्ये नक्षी कांथेला भौगोलिक मानांकन मिळालं.

आपल्याकडे काय झालं? आपण गोधडी गरिबीची खूण मानली. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराजही म्हणत. त्यांनी चिंध्यांचं वस्त्र स्वतः होऊन पांघरलं होतं आणि त्यांना त्याची लाज नव्हती. त्यांच्यापुढे हात जोडणाऱ्या समाजाने मात्र पाहुणे यायच्या वेळी गोधडी आत लपवली आणि सोलापुरी चादर बाहेर काढली. संग्रहालयांनी पैठण्या, शालू, शेले जमवले. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांचा शोध घेऊन त्यांच्यावर पुस्तक लिहिलं ते इंग्रजीत. इतक्या घरांत असलेल्या वस्तूकडे आपण अभ्यास म्हणून इतक्या उशिरा पाहिलं, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

गोधडी जपून न उरण्याचं एक कारण तर तिच्या रीतीतच आहे, ते आपण पाहिलं: जुनी नव्यात जाते. दुसरं कारण कोकणपट्टीचा पाऊस. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा इतका असतो की बंद कपाटातल्या सुती कापडावर बुरशीचे काळे-करडे ठिपके पडतात, आणि ते एकदा तंतूत शिरले की निघत नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण ओलावा आत कोंडला जातो. जुन्या धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळावी, वरच्या फळीवर ठेवावी आणि पावसाने उघडीप दिली की वारा द्यावा. दरवेळी वेगळ्या ठिकाणी घडी घालावी, नाहीतर घडीच्या रेषेवर कापड तुटतं. काळू-उल्हासच्या पुराचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं आहे त्यांना खालच्या कप्प्यात काय ठेवू नये हे सांगायची गरज नाही.

फार जुनी गोधडी धुवायची वेळ आलीच तर मशीनमध्ये घालू नये आणि पिळूही नये. ओल्या कापसाचा तंतू चिवट असला तरी पन्नास वर्षांचा कुजका शिवणदोरा पाण्याच्या वजनाने तुटतो. टबमध्ये गार पाण्यात, रिठ्याच्या पाण्यात किंवा सौम्य साबणात भिजवून, हाताने दाबून मळ काढावा. उचलताना खाली चादर घालून चादरीसकट उचलावी आणि सावलीत आडवी पसरून वाळवावी. दोरीवर टांगली की सगळं वजन एका ओळीवर येतं. फ्लॅटच्या अडीच फुटी गॅलरीत हे जमणं अवघड आहे. गच्ची असेल तर तीच जागा. खरं तर शहरातून गोधडी हटण्यामागे वाळत घालायला जागा नसणं हेही मोठं कारण आहे, आणि ते कुणी फारसं बोलत नाही.

नवी शिवायची असेल तर आजच्या घरातही कापड सापडतं, फक्त ते साडीत शोधून भागत नाही. सुती गाऊन, जुन्या बेडशीट, ओढण्या, पंचे, पायजमे, लहान मुलांचे सुती कुर्ते हे आजचे लुगडं-धोतर आहेत. टीशर्टचं होजिअरी कापड मऊ असतं पण ते विणलेलं नसून गुंफलेलं असल्याने ताणतं. ते घ्यायचं तर मधल्या थरात, वर-खाली न ताणणारं कापड ठेवून. जीन्सचा तुकडा आत घालू नये, हाताची सुई त्यातून सरकत नाही. पोटात आजीची जुनी गोधडी घालायची असेल तर तिच्या उसवलेल्या कडा आधी कच्च्या टाक्यांनी बांधून घ्याव्यात आणि नवं कापड तिच्यापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठं ठेवावं, म्हणजे नवी कड जुन्या कडेवर ताण आणत नाही.

आणि वरचं कापड घालण्याआधी, आतली गोधडी अजून दिसते आहे तेव्हा, तिचा उजेडात एक फोटो काढून घ्यावा. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला शेजारी बसवून विचारावं: हा काठ कुणाच्या लुगड्याचा, हा शर्ट कुणाचा, हा टाका कुणाच्या हाताचा. तिला बहुतेक तुकड्यांची ओळख असते आणि हे तिला पूर्वी कुणी विचारलेलं नसतं. ती सांगेल ती नावं, गाव आणि साल एका वीतभर मांजरपाटाच्या पट्टीवर लिहून ती पट्टी कोपऱ्यात, वरच्या थराखाली शिवून टाकावी. पेनाची शाई पहिल्या काही धुण्यांतच जाते, त्यामुळे अक्षरं आधी पेन्सिलीने काढून त्यांवरून पक्क्या रंगाच्या सुती दोऱ्याने धावदोरा घालावा. अक्षर मोठं काढलं तर ते सोपं जातं. एका नावाला अर्धा तास पुरतो.